अंधाराची राखण

३ फेब्रुवारी

आज माझी खोली गेली. गेली म्हणजे मीच दिली, पण खुशीने नाही, हे इथे लिहायला हरकत नाही. मागची खोली, एकच खिडकी, तीही शेजारच्या भिंतीकडे तोंड करून. सूनबाईला तशीच हवी होती. त्या खिडकीवरही तिने काळं प्लास्टिक ठोकलं. माझी खाट पुढच्या खोलीत, दाराच्या तोंडाशी आली. लोखंडी कपाट मात्र जागचं हलेना, म्हणून ते तिथेच राहिलं.

मागच्या खोलीत शेवंती लावायची आहे. कुंड्यांत, मोठमोठ्या दिव्यांखाली. सूनबाई औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी असते. दुकानासमोरचा फुलवाला म्हणाला, हंगाम नसताना शेवंती आणून दिलीत तर मी कायम घेईन. मुलगा नोकरीसाठी परगावी, एका खोलीत राहतो. तो फोनवर म्हणाला, "एकदा करून बघ. नाही जमलं तर घर बंद करू. तू इकडे ये, बाबा ताईकडे जातील."

ताई म्हणजे माझी लेक. मागे मी तिच्याकडे दोन महिने काढले आहेत. दोन थांबे पलीकडे, तिसरा मजला. लेक आणि जावई कामाला गेले की बाहेरून कुलूप. "तुमच्याच भल्यासाठी, बाबा." खिडकीत बसलो तर जावई म्हणायचा, पडदा लावून घ्या, उन्हाने सोफा विटतो. एखादं पार्सल ठेवावं तसा मी तिथे होतो.

म्हणून ही शेवंती फुलायला पाहिजे. सूनबाईपेक्षा मला जास्त पाहिजे.

६ फेब्रुवारी

वायरमन आला. किडकिडीत, सारखा गुणगुणणारा. भिंतीला भोक पाडतानाही गुणगुणतो. गुणगुणणाऱ्या माणसाच्या हातात वीज देऊ नये असं माझं मत.

दिवे चार, एकेक सहाशे वॅटचा. तो म्हणाला, "घरच्या बोर्डावर एवढा भार टाकला तर तो जीव देईल, आजोबा. म्हणून मेनपासून वेगळी जाड वायर ओढतो आणि या खोलीला स्वतंत्र छोटा बोर्ड देतो."

"जाड म्हणजे किती?"

"तुमच्या करंगळीएवढी."

"माझी करंगळी बारीक आहे."

"मग माझ्या."

त्याची तर माझ्याहून बारीक. 

बोर्डात वर टायमर, खाली एक ठोकळा. त्याला कॉन्टॅक्टर म्हणतात. तो म्हणाला, "टायमर हा साहेब. तो नुसता हुकूम सोडतो. ओझं उचलायला खाली हा हमाल. साहेबाच्या डोक्यावर ओझं दिलं तर साहेब जळतो."

"आणि हमाल जळला तर?"

त्याने सूनबाईकडे पाहिलं. "वहिनी, आजोबांना जरा चहा द्या."

बोर्ड खोलीबाहेर लावा असं मी सांगून पाहिलं. म्हणजे येता-जाता नजर राहते. तो म्हणाला, वायर वाढेल, भिंत फोडावी लागेल. सूनबाई म्हणाली, "आतच राहू दे." आतच राहिला. या घरात माझं म्हणणं आणि बाहेरच्या कुत्र्याचं भुंकणं दोन्ही ऐकू येतं, एवढंच.

८ फेब्रुवारी

रोपवाटिकेची बाई रोपं देऊन गेली. संध्याकाळी बोर्डात 'खट्ट' असा आवाज झाला आणि दाराच्या फटीतून असा पांढरा उजेड आला की माझी खाट, माझे पाय, माझी काठी सगळं चुन्यात बुडवून काढल्यासारखं दिसलं. सूनबाईने टाळी वाजवली. लग्न झाल्यापासून तिला टाळी वाजवताना मी पाहिलं नव्हतं.

मी मात्र वायरीकडे बघत राहिलो. एवढा उजेड भिंतीतल्या एका वायरीतून येतो म्हणजे ती वायर काय सोसत असेल.

११ फेब्रुवारी

सध्या रोपं वाढण्यासाठी दिवे दुपारपर्यंत चालू असतात. सकाळी बोर्डावर हात ठेवला तर कोमट लागला. सूनबाईला दुकानात फोन केला. तिने वायरमनला केला. वायरमनने मला केला.

"आजोबा, चुलीपाशी बसलं की पाठ कोमट होते ना? तसं आहे. हात भाजला तर फोन करा."

हात भाजल्यावर फोन कोणत्या हाताने करायचा ते त्याने सांगितलं नाही.

मी आयुष्यभर गोदामाचा राखणदार होतो. सातवीत शाळा सुटली, पण राखण मी नीट शिकलोय. आमचा जमादार सांगायचा, डोळ्यांवर विसंबू नकोस, डोळा फसतो. हात लावून बघ. दर तासाला फेरी, प्रत्येक कुलूप ओढून, प्रत्येक विजेच्या पेटीवर तळहात ठेवून. माझ्या पाळीत गोदामाला कधी काही झालं नाही. शेजारचं गोदाम जळलं तेव्हा त्यांचा राखणदार म्हणाला, मी बघितलं होतं, सगळं ठीक दिसत होतं. दिसत होतं!

२४ फेब्रुवारी

आज टायमर बदलला. आता दिवे संध्याकाळी आठला लागतील आणि सकाळी सातला विझतील. दिवसभर काळोख.

सूनबाईने समजावून सांगितलं. "या झाडाला रात्र मोठी मिळाली की ते फुलायचं मनावर घेतं, बाबा. दिवसा घर तापतं, त्यात दिवे नकोत. म्हणून त्यांची रात्र आपण दिवसा करायची. आता एकच करायचं. दिवसा ते दार कोणी उघडायचं नाही. अंधार मोडता कामा नये."

"मी बसलोय ना," मी म्हणालो. "कोणाची बिशाद आहे!"

खुर्ची दारापाशीच मांडली.

२६ फेब्रुवारी

फेऱ्या सुरू केल्या. दर तासाला आत जातो, ट्यूब लावतो, बोर्डावर हात ठेवतो, वास घेतो, कुंड्यांच्या फळ्यांखाली मांजर-बिंजर शिरलं नाही ना ते बघतो, ट्यूब बंद करतो, दार ओढून घेतो. दोन मिनिटंही लागत नाहीत. ट्यूब घरच्या जुन्या बोर्डावर आहे, नव्या बोर्डाला तिचा भार नाही. तेवढी काळजी मी घेतली आहे.

बोर्ड दगडासारखा थंड. मागे कोमट व्हायचा. पहारा असला म्हणजे असं असतं.

५ मार्च

दुपारी खिडकीच्या गजांपाशी बेकरीवाला आला. त्याने बेकरी मुलाच्या हवाली केली त्याला बरेच दिवस झाले, तरी आम्ही त्याला बेकरीवालाच म्हणतो. बागेतल्या बाकावर आम्ही रोज बसायचो.

"काय रे पहारेकऱ्या, जिवंत आहेस का? बाकावर तुझी जागा गार पडली."

"घर सोडता येत नाही."

"का? घर पळून जाईल?"

"आत विजेचा कारभार आहे. काही झालं तर?"

"झालं तर तू काय करणार? फुंकर मारणार?"

मी म्हणालो, मी वेळेवर ओळखेन. तो गजांना धरून हसला. "गजाच्या आत तू, बाहेर मी. भेटीला काही आणत जाऊ का? खारी आणू?" मग त्याची नजर माझ्या दाढीवर गेली. म्हणाला, "दाढी तरी कर रे. तुरुंगातसुद्धा करतात."

करायची होती. साबण संपलाय. कोपऱ्यावरचं दुकान दिसतं इथून. पण जाऊन यायला जेवढा वेळ, तेवढ्यात वायर वितळायला कितीसा वेळ लागतो?

१४ मार्च

कळ्या अजून नाहीत. रोपं मात्र अंगाने भरली आहेत, नुसती पानंच पानं. सूनबाई कामावरून आली की चप्पलसुद्धा न काढता आत जाते, एकेका शेंड्याची पानं बोटाने बाजूला करून बघते. आज बाहेर आली तेव्हा तिचं तोंड उतरलेलं होतं. मी म्हणालो, "येतील." ती म्हणाली, "हो, बाबा." चहा न घेताच भाकरी थापायला बसली.

मी ठरवलं, फेऱ्या वाढवायच्या. काही बिघडत असेल तर ते माझ्या दोन फेऱ्यांच्या मधेच बिघडत असणार. आता अर्ध्या तासाला जातो.

१९ मार्च

कळ्या आल्या! पण तीनच कुंड्यांना. कपाटाच्या आडोशाला तीन कुंड्या कोंबून ठेवल्या होत्या, त्यांना. बाकी सगळ्या वांझ. सूनबाईला हसावं की रडावं कळेना.

"यांच्यातच काय वेगळं आहे?" ती म्हणत होती. "पाणी तेच, माती तीच, दिवे तेच."

मी म्हणालो, माझ्या कपाटाचा पायगुण. तो कोपरा तसा दुर्लक्षितच आहे. कपाट मधे येतं, मी ट्यूब लावली तरी तिकडे नीट दिसत नाही, म्हणून तिथे मी कधी फार लक्ष दिलं नाही. आता देईन. उद्यापासून त्या कुंड्या बाहेर ओढून बघत जाईन.

२१ मार्च

घरात भांडण झालं. सूनबाईचा संशय टायमरवर. तो दिवसा मधेच दिवे लावत असणार. वायरमनला बोलावलं. त्याने बोर्ड उघडला, स्क्रू काढले, घड्याळ लावून बसला, पुन्हा स्क्रू लावले.

"वहिनी, टायमर मिनिटाला मिनिट आहे."

"मग कळ्या का येत नाहीत?"

"मी वायरमन आहे, माळी नाही."

"दिवसा दिवे लागतच असतील, त्याशिवाय असं होणार नाही."

"लागत नाहीत हो! दिवसा या बोर्डात जातंय काय? मेलेला साप आहे हा. गळ्यात घालून फिरा." आणि त्याने खरंच बोर्डाला टाळी दिली.

सूनबाई माझ्याकडे वळली. "बाबा, तुम्ही दिवसभर इथे असता. कधी दिवे लागलेले दिसले?"

"एकदाही नाही," मी म्हणालो. आणि ते खरंच आहे. चारांतला एकही दिवा दिवसा लागलेला मी पाहिला नाही.

तरी ती त्याला म्हणाली की आता दुसऱ्या कोणाला तरी दाखवते. त्याने हत्यारं पिशवीत भरली. आज गुणगुणला नाही. दारात मला म्हणाला, "आजोबा, तुम्ही तरी सांगा त्यांना."

मी काय सांगणार? माणूस मला पहिल्यापासून पसंत नव्हता. पण जाताना त्याची पाठ बघितली आणि कसंतरी झालं.

आणि मेलेला साप वगैरे मी मानत नाही. आमच्या शेजारचं गोदाम जळालं तेव्हाही सगळं बंदच होतं म्हणतात.

२७ मार्च

आज अक्षर वाईट येईल.

आज सकाळी दिवे चालू असतानाच रोपवाटिकेची बाई आली होती. जाडजूड, मोठ्या आवाजाची बाई. एक रोप हातात घेतलं, शेंडा उलटा करून बघितला आणि सरळ विचारलं, "दिवसा दिवा कोण लावतं?"

"कोणीच नाही," सूनबाई म्हणाली. "दार बंद असतं. बाबा राखतात."

"कोणीतरी अंधार मोडतंय, बाई. दिवा लहान असो की मोठा, झाडाला काय? क्षणभर उजेड पडला तरी रात्र मोडली. मग ते फुलायचं विसरून नुसती पानं काढत बसतं."

"बाबा असताना कोण उघडेल?" सूनबाई म्हणाली. मीही मान हलवली. मनापासून हलवली.

त्या दोघी गेल्या. बाई रोपवाटिकेत, सूनबाई दुकानात. फेरीची वेळ झाली. मी आत गेलो, ट्यूबच्या बटणावर हात ठेवला. आणि हात तिथेच राहिला.

दिवा कोण लावतं म्हणाली तेव्हा मला माझी ट्यूब आठवलीच नाही. ती दिवा आहे असं कधी वाटलंच नव्हतं. तो पहारा होता.

कपाटाच्या आडच्या तीन कुंड्या. ट्यूब समोरच्या भिंतीवर. मधे कपाट. आणि गेला आठवडाभर त्याही मी बाहेर ओढून उजेडात धरल्या; त्यांच्याही कळ्या सुकल्या.

कुंपणानेच शेत खाल्लं.

२८ मार्च

आज आत जायचं नाही असं ठरवलं होतं. सकाळी खुर्ची पुढच्या दारापाशी नेली. नाकात जळका वास यायला लागला. तो शेजारच्या स्वयंपाकाचा होता. पुन्हा आला. तो कशाचाच नव्हता. भिंतीला कान लावला. 

दुपारी राहवेना. म्हटलं, ट्यूब न लावता जाऊ, उजेड केला नाही तर काय बिघडतं. अंधारात चाचपडत गेलो, बोर्ड सापडला, थंड होता. परत येताना फळीला धक्का लागला आणि एक कुंडी खाली पडली. काय पडलं, काय मोडलं ते बघायला ट्यूब लावली.

तिच्याखाली उभा राहिलो तेव्हा मला हसू आलं. रडणं असेल. दोन्हीचा आवाज बंद खोलीत सारखाच येतो.

३० मार्च

मुलाचा फोन आला. सूनबाई स्वयंपाकघरात बोलत होती, पण घर केवढंसं.

"कारण कळलं असतं तर पुन्हा लावली असती रे. कारणच कळत नाही, मग कशाच्या भरवशावर थांबू?" मग बराच वेळ हं, हं. मग, "दिवे विकायला लावते. एप्रिलअखेर येते. बाबांचं ताईशी बोलून घे."

म्हणजे झालं.

सांगितलं नाही तर घराला कुलूप आणि मी तिसऱ्या मजल्यावर. सांगितलं तर ती म्हणेल, या म्हाताऱ्याला घरात एकटं ठेवायची सोय नाही, आणि मी तिसऱ्या मजल्यावर. दोन्ही दारं एकाच जिन्यात उघडतात. फरक एवढाच की एकात तिची शेवंती आहे आणि दुसऱ्यात नाही.

वायरमनची पाठही सारखी डोळ्यांपुढे येते.

३१ मार्च

सांगितलं.

ती दिव्यांवरची धूळ पुसत होती, विकायचे म्हणून. मी दारात उभा राहिलो.

"सूनबाई, अंधार मी मोडला."

"काय?"

"दर तासाला आत जायचो. ट्यूब लावून. नंतर अर्ध्या तासाला. बोर्ड तापला का बघायला."

तिच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. "दिवसा? दिवसा तो बंद असतो, बाबा!"

"हात लावल्याशिवाय कसं कळणार?"

ती स्टुलावर बसली. फडक्याची घडी घातली, पुन्हा उलगडली. मला वाटलं ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. मग म्हणाली, "आणि त्या वायरमनला मी वाट्टेल ते बोलले. तुमच्यासमोर."

"हो."

"तुम्ही तिथे उभे होता."

"उभा होतो. तेव्हा मला कळलं नव्हतं. पण कळल्यावरही चार दिवस गप्प बसलो."

ती उठली, ट्यूबखाली गेली, वर बघितलं. "ही काढून टाकू?"

"मी बॅटरी घेऊन जाईन."

"दाराला कुलूप लावू. किल्ली मी नेईन."

"चार दिवस बसेन दाराशी. पाचव्या दिवशी तोडेन. मला माझी खात्री नाही, सूनबाई." हे बोलताना माझी मान वर होत नव्हती. "तू मला लेकीकडे सोड. सकाळी दिवे विझायच्या आधी ने, संध्याकाळी लागल्यावर आण. ती बाहेरून कुलूप लावते. तेच बरं."

तिने माझ्याकडे पाहिलं. तिथले दोन महिने मी कसे काढले ते तिला माहीत आहे. परत आलो तेव्हा तिनेच माझी पिशवी उघडली होती; बाहेर जायच्या कपड्यांची घडीही मोडलेली नव्हती.

"तुम्हाला जमेल?" तिने विचारलं.

"न जमून काय करतो?"

२ एप्रिल

तिसऱ्या मजल्यावर बसून लिहितोय. सूनबाईने मुलाला दोन महिने मागून घेतले. तो कुरकुरला, पण हो म्हणाला. लेक म्हणाली, "बाबा, एवढं काय त्या झाडांचं?" जावई म्हणाला, या, बसा, आणि पडदा लावला. नऊला कुलूप खळकन बसलं.

काल वायरमन येऊन गेला. सूनबाईने त्याला बोलावून माफी मागितली. मीही मागितली. तो म्हणाला, "आजोबा, मला वाटलंच होतं. हमालावर एवढी माया कोणी करत नाही." मग तिथेच उभ्या उभ्या गुणगुणायला लागला.

इथे मी खुर्चीत बसलो की माझ्या डोक्यात ते घर जळतं. सकाळपासून कितीदा जळलं. संध्याकाळी सूनबाई न्यायला आली की आधी मी तिच्या कपड्यांचा वास घेईन.

९ एप्रिल

लेकीच्या घरी विजेच्या तीन पेट्या आहेत. एक पडद्यामागे आहे. तिच्यावर हात ठेवत नाही. काल ठेवला होता.

१५ एप्रिल

बेकरीवाला आला होता म्हणे घरी, गजांपाशी. कोणी नाही बघून घाबरला. दुकानात जाऊन सूनबाईला विचारलं, गेला का? ती म्हणाली, दिवसाचा जातो, रात्रीचा येतो. तो म्हणाला, भुताचंही असंच असतं.

शेवंतीला अजून काही नाही.

२३ एप्रिल

संध्याकाळी सूनबाई न्यायला आली. घराच्या दारात म्हणाली, "आज तुम्ही बघता का, बाबा? मी रोज बघते, आता माझ्या डोळ्यांना पानांशिवाय काही दिसतच नाही."

मार्चपासून मी त्या खोलीत गेलो नव्हतो. दिवे लागलेले होते, त्यामुळे जायला हरकत नव्हती. तरी उंबऱ्यावर पाय अडला. ती म्हणाली, "या ना."

बोर्ड डाव्या हाताला होता. तिकडे गेलो नाही. हात पाठीमागे एकमेकांत अडकवले आणि कुंड्यांवरून वाकत वाकत गेलो. पहिली फळी, काही नाही. दुसरी, काही नाही. तिसऱ्या फळीवर एका शेंड्यात, दोन पानांच्या मधे, मोहरीएवढं काहीतरी होतं. चष्मा पुसला. होतं. शेजारच्या कुंडीतही होतं. तिच्या पलीकडच्या कुंडीत दोन.

"सूनबाई, इकडे ये."

ती आली, वाकली. पानं बाजूला करायला तिने बोट पुढे केलं आणि मधेच थांबवलं. दोघेही तसेच वाकून उभे. दिव्यांच्या उष्म्याने माझ्या टाळूवर घाम आला होता. पुसायला हात मोकळा केला नाही.

"कळीच आहे ना, बाबा?"

"मी राखणदार, माळी नाही. पण कळीच आहे."

तिने टाळी वाजवली नाही. पदराने तोंड पुसलं आणि पुढच्या फळीकडे गेली, मोजायला.

मी बाहेर येऊन खाटेवर बसलो. रोपवाटिकेच्या बाईला फोनवर विचारलं की आता किती दिवस अंधार सांभाळायचा. ती म्हणाली, रंग दिसेपर्यंत. पाच आठवडे धरा, आजोबा, सोडू नका आत्ता.

म्हणजे आणखी पाच आठवडे तिसरा मजला. उद्यासाठी सूनबाईने माझा डबा घासून पालथा घातलाय.